मे महिन्यातली हवा आणि जुनं इंजिन

जुन्या गाडीला टर्बो बसवायचा की अख्खं इंजिनच बदलायचं, या प्रश्नाचं सोलापुरातलं उत्तर महाबळेश्वरातल्या उत्तरापेक्षा वेगळं निघतं. फरक हवेचा आहे. सायलेन्सरकडे वाया चाललेल्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र (टर्बाइन) फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने (कॉम्प्रेसरने) हवा दाबून इंजिनात भरायची, हे टर्बोचं काम. हवा जास्त, तिच्या मापाने पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण हवा दाबली की तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी तापते तशी. आणि मे महिन्यात दुपारी सात रस्ता चौकातली हवा दाबण्याआधीच चाळिशी ओलांडून बसलेली असते.

हिशोब करून बघू. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब मुळात ०.९६ बारच्या आसपास असतो. त्यात टर्बोने अर्धा बार मिळवला की दाब साधारण दीडपट होतो. ४० अंशांची हवा दीडपट दाबली तर आदर्श कॉम्प्रेसरमध्येसुद्धा ती अडतीस-एकोणचाळीस अंशांनी तापते. खरा कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तर ही वाढ ५५ अंशांवर जाते. म्हणजे इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा छोटा रेडिएटर) नसेल तर ९५ अंशांची हवा इंजिनात शिरते. ७० टक्के काम करणारा चांगला इंटरकूलर पुढच्या जाळीमागे बसवला तर ती सत्तावन्नपर्यंत खाली येते. हाच हिशोब सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत पहाटे पंधरा अंशांवर केला तर इंटरकूलरनंतरची हवा तीस-एकतीस अंशांची निघते. गाडी तीच, टर्बो तोच, पण दोन मोसमांत सव्वीस-सत्तावीस अंशांचा फरक. जानेवारीत पहाटे बसवलेलं ट्युनिंग मेमध्ये पिस्टन फोडतं ते यामुळे.

फोडतं म्हणजे कसं, तेही समजून घ्यायला हवं. पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीपासून सुरू होऊन एका लाटेसारखं पेटत जायला हवं. मिश्रण आधीच गरम असेल तर ती लाट पोचायच्या आत कडेचा भाग आपोआप भडकतो. हेच नॉकिंग. साध्या इंजिनात चढावर चौथ्या गिअरमध्ये जोर दिला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, आपण पाय उचलतो आणि भागतं. टर्बोच्या दाबाखाली हा आवाज वाऱ्यात नि सायलेन्सरच्या घुमण्यात ऐकू येत नाही. ऐकू येईपर्यंत दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटलेली असते. तुटलेल्या कडेतून वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतो, डिपस्टिक वर उचलली जाते, मागून निळा धूर दिसायला लागतो. अशा इंजिनाला पुन्हा बोअर, पिस्टन, रिंगा हे सगळं आलं.

आता गाड्यांकडे वळू. या विषयावरचं जगातलं सगळ्यात दाट ज्ञान माझदाच्या एमएक्स-५ भोवती साठलेलं आहे. १९८९ साली आलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची, १५९७ सीसीची, मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी भारतात कंपनीने कधी विकलीच नाही. तिच्या १.६ इंजिनाला टर्बो लावावा की त्याच घराण्यातलं १८३९ सीसीचं इंजिन टाकावं, यावर लोकांनी तीन दशकं हात काळे केलेत. त्यातून सगळ्यांना लागू पडणारी एक गोष्ट शिकता येते. ताकद वाढली की ती साखळीतली पुढची कमकुवत कडी शोधून काढते. एमएक्स-५ मध्ये ती कडी १.६ गाडीचं मागचं छोटं डिफरेन्शियल, म्हणजे ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी, होती. टर्बो बसवणारे लोक काही दिवसांत १.८ चं मोठं डिफरेन्शियल शोधायला लागत.

आपल्याकडे फायबरच्या अंगाची, रेनोच्या ११४९ सीसी इंजिनाची सॅन स्टॉर्म निघाली होती, पण ती दिसणंच दुर्मीळ. एमएच-१३ पाटीवर हौसेने सांभाळलेल्या जुन्या वेगवान गाड्या म्हणजे मारुतीची पहिली बलेनो, १५९० सीसी, ९४ बीएचपीची सेडान. होंडा सिटीचं दीड लिटरचं व्हीटेक मॉडेल, १०६ बीएचपी. फियाट पालिओ १.६, १०० बीएचपी; आणि एस्टीम, जिच्या शेवटच्या मॉडेलांत १२९८ सीसीमधून ८५ बीएचपी निघत. कागदावर या स्पोर्ट्स कार नाहीत. पण एक टनाच्या आसपास वजन, हलकं पुढचं नाक आणि वर फिरायला आतुर असलेलं इंजिन, हे तिन्ही गुण त्यांच्यात आहेत. त्यांच्यावरचं प्रेम मला पूर्ण समजतं, आणि म्हणूनच त्यांच्याशी घाईने वागू नये असं वाटतं.

सोलापुरात मागाची उपमा सगळ्यांना कळते. टॉवेलच्या जुन्या यंत्रमागाची मोटर मोठी केली, पुली बदलली, तर माग जोरात चालेल. पण मग सूत तुटायला लागतं, पिकिंग स्टिक मोडते, फ्रेमचे बोल्ट ढिले होतात. मागवाला मोटरला हात घालण्याआधी फ्रेम बघतो. टर्बोचं अगदी तसंच आहे. म्हणून टर्बोची पहिली पायरी खरेदीची नाही, तपासणीची आहे.

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इंधनपंपाचा फ्यूज काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर मोजा. साडेनऊच्या आसपास कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट आवळतो ते माप) असलेल्या पेट्रोल इंजिनात बारा-तेरा बार यायला हवेत. चौघांतला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एवढ्यावर न थांबता लीक-डाऊन टेस्टही करावी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघायचं. पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त गळत असेल तर त्या इंजिनाला टर्बो लावायचा विचार सोडून द्यावा. पाचशे किलोमीटरला पाव लिटर ऑइल खाणारं इंजिन असेल तर टर्बो ते ऑइल आणखी जोरात जाळेल. आणि जळणारं ऑइल मिश्रणाचा ऑक्टेन कमी करतं, म्हणजे नॉकिंगला हातभार लावतं.

तपासणीत इंजिन पास झालं असं समजू. आता दाब किती? मूळ पिस्टन, मूळ कनेक्टिंग रॉड, साडेनऊचा रेशो आणि आपला उन्हाळा धरला तर ०.४ बारवर थांबावं, ०.५ ही शेवटची मर्यादा समजावी. अर्ध्या बारवर ९४ बीएचपीचं इंजिन थंड हवेत १२५ ते १३० पर्यंत जातं. ऐकायला कमी वाटेल, पण टनभराच्या गाडीत ते खूप आहे. जाड गॅस्केट टाकून रेशो खाली आणायचा सल्ला बऱ्याच गॅरेजांत मिळतो. तो मला पटत नाही. त्याने पिस्टन आणि हेडमधली कडेची फट वाढते, मिश्रणाचं घुसळणं कमी होतं आणि रेशो उतरूनही नॉकिंगची खोड उरते. रेशो उतरवायचाच असेल तर खोलगट माथ्याचे फोर्ज्ड पिस्टन घ्यावेत. पण तिथे खर्च इंजिन बदलण्याच्या घरात जातो आणि प्रश्न पुन्हा मूळ जागी येतो.

टर्बो कुठला, यात सगळ्यात मोठी चूक होते ती भंगारातल्या डिझेल टर्बोची. तो स्वस्त मिळतो, आकाराने बरोबर दिसतो. पण डिझेल गाडीचा धूर साधारण साडेआठशे अंशांच्या खाली असतो आणि पेट्रोलचा जोरात चालवताना नऊशे-साडेनऊशेवर जातो. डिझेल टर्बोच्या टर्बाइनचा धातू आणि त्याच्या घराचं (बाहेरच्या कवचाचं) ओतीव लोखंड त्या तापमानासाठी बनवलेलंच नसतं. पात्यांचा कोन बदलणारा व्हीजीटी टर्बो असेल तर त्याची यंत्रणा पेट्रोलच्या उष्णतेत जाम होते. पेट्रोल गाडीवरचा, आतल्या वेस्टगेटचा (जास्तीचा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेचा), दीड-दोन लिटरच्या इंजिनासाठीचा छोटा टर्बो शोधावा. मित्सुबिशीचा टीडी०४, गॅरेटचा टी२५ किंवा केकेकेचा के०३ या घराण्यातला. दांडा हाताने हलवून बघावा. बाजूला किंचित हलणं चालतं, पुढेमागे जाणवण्याइतकं हललं तर परत द्यावा. पाती घराला घासल्याची खूण असेल तरी परत द्यावा. हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, तिथे 'चालतंय' म्हणून भागत नाही.

इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारा मॅनिफोल्ड सोलापुरात उत्तम बनतो, हे आवर्जून सांगायला हवं. साखर कारखाने आणि डाइंगवाल्यांसाठी वाफेच्या पाइपांचं काम करणारे वेल्डर इथे आहेत. शेड्यूल ४० चा सव्वा इंची पाइप आणि त्याचे तयार बेंड, भिंत साडेतीन मिलिमीटरची, हाच या कामाचा योग्य माल. पातळ स्टेनलेस नळी दिसायला देखणी, पण टर्बोचं वजन आणि लाल उष्णता तिला तडा देते. फ्लँज (बोल्टने हेडला बसणारी पट्टी) दहा-बारा मिलिमीटरच्या पट्टीतून कापावी, जुन्या हेडवर किंवा जाड पट्टीवर बोल्टने आवळून मगच टिग वेल्डिंग करावं, थंड झाल्यावर सोडून फेसिंगला (तोंड सपाट करायला) पाठवावी. न आवळता वेल्ड केलेली फ्लँज केळीसारखी वाकते आणि मग कुठलंही गॅस्केट टिकत नाही. चार पोर्टांच्या मधली फ्लँज शेवटी करवतीने कापून सुटी करावी, म्हणजे गरम झाल्यावर तिला पसरायला जागा मिळते. टर्बोच्या नटांना साधे स्प्रिंग वॉशर चालत नाहीत, उष्णतेत त्यांचा ताण मरतो. लॉकिंग नट घ्यावेत. आडव्या इंजिनाच्या गाडीत टर्बोनंतरच्या अडीच इंची पाइपात जाळीचा लवचीक जोड हवाच, कारण इंजिन फाउंडेशनवर (रबरी आधारांवर) पुढेमागे डुलतं आणि जोड नसेल तर ते डुलणं सगळं वेल्डवर येतं.

ऑइलचा रस्ता हा टर्बोचा प्राण. जाणारी नळी बारीक चालते, कारण तिथे दाब असतो. येणारी नळी मात्र आतून पंधरा-सोळा मिलिमीटरची, सतत उताराची, कुठेही पोट न पडलेली हवी, आणि ती चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उतरायला हवी. परतीचं ऑइल फेसाळलेलं असतं आणि फक्त वजनाने खाली येतं. त्याला अडथळा आला की ते सीलमधून टर्बाइनकडे गळतं, धूर सुरू होतो, आणि लोक नवाकोरा टर्बो खराब निघाला असं समजून बदलतात. चेंबरला भोक पाडताना चेंबर काढूनच काम करावं. गाडीवरच ड्रिल मारून ग्रीसने बुरादा धरला असं सांगणाऱ्याकडून काम करून घेऊ नये. एक कण ऑइलपंपात गेला की बेअरिंगं गेली.

पाण्याच्या नळ्याही जोडाव्यात. ट्रॅकवर जोरात फेऱ्या मारून गाडी एकदम बंद केली, तर टर्बोच्या बेअरिंगमधलं थांबलेलं ऑइल जळून कोळशासारखं चिकटतं. शेवटच्या फेरीत पाय हलका करावा, दाब न भरता चालवावं आणि बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन चालू ठेवावं. ऑइल पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, पाच हजार किलोमीटरला बदललंच पाहिजे.

रेडिएटरकडे इथे दुप्पट लक्ष द्यायला हवं. सोलापूरच्या बोअरचं पाणी जड आहे. घरातल्या गीझरची कॉइल जशी पांढरी होते तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. जुन्या गाडीत वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं असतं. टर्बोआधी रेडिएटर उघडून साफ करावा किंवा नवा घ्यावा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरावं आणि झाकण नवं टाकावं. ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर नुसतं पाणीही ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं तर तेच पाणी शंभराच्या आतच उकळतं, कारण आपण साडेचारशे मीटर उंचीवर आहोत. एवढ्याशा वस्तूवर हेड वाकण्याची वेळ येते.

पेट्रोलचं गणित आता वीस टक्के इथेनॉल धरूनच करावं लागतं. शुद्ध पेट्रोलचं आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७, तर ई-२० चं साडेतेराच्या आसपास. त्यामुळे जुने आकडे तसेच वापरले तर मिश्रण कोरडं पडतं. लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) वाचणारा वाइडबँड सेन्सर लावावा आणि लॅम्डाच्याच भाषेत ट्यून करावं. दाबाखाली ०.८० ते ०.८२, सावकाश चालीत १. गाडीचा मूळ अरुंद सेन्सर इथे उपयोगाचा नाही, तो फक्त एकच्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो. इथेनॉल बाष्प होताना थंडावा देतं आणि नॉकिंगला विरोध करतं, हा आपल्या उन्हाळ्यात त्याचा खरा फायदा. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे रबरी होज पाइप त्याने फुगतात आणि भेगाळतात. टर्बोचा लाल मॅनिफोल्ड हातभर अंतरावर असताना पेट्रोलचा जुना होज ठेवणं म्हणजे गाडी पेटवण्याची तयारी. इथेनॉल सोसणारे इंजेक्शन-दाबाचे होज आणि पक्क्या क्लिपा आधी बदलाव्यात, बाकी सगळं नंतर.

१३० बीएचपीला पूर्ण जोरात मिनिटाला सुमारे ८०० सीसी पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी २००. इंजेक्टर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही म्हणून २५०. इथेनॉलची भर धरून २७०. म्हणून ३०० ते ३३० सीसीचे इंजेक्टर घ्यावेत. इंधनाच्या प्रेशर रेग्युलेटरची बारीक नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेलीच हवी, म्हणजे दाब वाढेल तसा इंधनाचा दाबही तितकाच वाढतो. इनटेकमधला एकूण दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सर एक बारच्या वर वाचू शकत नाही, तो अडीच-तीन बारचा लावावा. मूळ ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) फसवणाऱ्या पिगीबॅक पेटीपेक्षा पूर्ण प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बरा. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारखे पर्याय यासाठी पुरेसे आहेत, ट्यून करणारा मात्र जाणकार हवा. ठिणगी दर ०.०७ बारला क्रँकच्या फिरण्यातला एक अंश मागे (उशिरा), इथून सुरुवात करावी आणि हवेच्या तापमानानुसार ती आणखी मागे नेणारा तक्ता भरायला विसरू नये. सोलापुरात सगळ्यात महत्त्वाचा तक्ता तोच. प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो आणि बॉशमध्ये आकडा कमी झाला की, यात गोंधळ होऊन नेमके गरम प्लग बसवले जातात. प्लगची फट ०.७ मिलिमीटर ठेवावी. जास्त ठेवली तर दाबाखाली ठिणगीच विझते आणि गाडी झटके देते.

क्रँककेसमधला वायू इनटेककडे सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा टाकावा. जुना व्हॉल्व्ह टर्बोचा दाब उलटा चेंबरमध्ये सोडतो आणि ऑइलसील गळायला लागतात. सगळं जोडून झालं की टर्बोच्या तोंडावर झाकण बसवून गॅरेजच्या कॉम्प्रेसरने अर्धा-पाऊण बार हवा भरावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाकावं, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. मग क्लच. चौथ्या गिअरमध्ये तीन हजारावर पूर्ण दाब दिला आणि वेग न वाढता आरपीएम वर पळाला, तर प्रेशर प्लेट पुरत नाही. दाब अडीच हजार आरपीएमला एकदम पूर्ण येऊ देऊ नये, कनेक्टिंग रॉड वाकतात ते खालच्या फेऱ्यांतल्या झटक्याने. तो साडेतीन हजारापर्यंत हळूहळू चढेल असं ठेवावं.

हे सगळं वाचून इंजिन बदलणं सोपं वाटायला लागतं. एका बाबतीत ते खरंच सोपं आहे. बदलीचं इंजिन कारखान्याने ठरवलेल्या मापात चालतं, त्याला आपल्या उन्हाची वेगळी भीती नसते. पण त्याचा त्रास इंजिनाच्या बाहेर असतो.

अदलाबदल करायची तर त्याच घराण्यातल्या इंजिनाची, असं माझं ठाम मत आहे. एस्टीममध्ये बलेनोचं १५९० सीसी इंजिन बसवणारे अनेक आहेत, कारण सुझुकीच्या त्या इंजिनांचं घराणं एक आणि सुट्या भागांची नावं-मापं मिस्त्रींच्या ओळखीची. परक्या कंपनीचं मोठं इंजिन घ्यायचं म्हटलं की गिअरबॉक्सची बेल हाउसिंग, क्लच प्लेटचे दात, एक्सल, फाउंडेशन, वायरिंग, मीटरचे काटे, एसीचा ब्रॅकेट या सगळ्यांशी एकेक करून तह करावा लागतो. इंजिन सुटं घेऊ नये. शक्यतो अपघातात मागून ठोकलेली अख्खी गाडी घ्यावी, म्हणजे हार्नेस, ईसीयू, इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) आणि किल्ली जोडीने मिळतात. किल्ली नसलेल्या इंजिनासोबत काही लोक कित्येक महिने झगडतात. इंजिन चालू करून ऐकावं, कॉम्प्रेशन मोजावं, इंजिन नंबर कागदाशी ताडावा. नंबर घासलेला असेल तर कितीही स्वस्त असलं तरी हात लावू नये.

इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटरपंप, मागचा क्रँक ऑइलसील, क्लच आणि रिलीज बेअरिंग बदलून टाकावेत. नंतर ह्यांतल्या एकासाठी सगळं पुन्हा उतरवावं लागतं. फाउंडेशनचे ब्रॅकेट पाच-सहा मिलिमीटरच्या पत्र्यात आधी नुसते टाके मारून उभे करावेत. मग इंजिन चेन पुलीने लटकवून बसवावं. बॉनेट बंद होतं का, चेंबर क्रॉसमेंबरपासून पंधरा मिलिमीटर दूर आहे का, इंजिन वीस-पंचवीस मिलिमीटर डुललं तर काही लागतं का, हे पाहून मगच पूर्ण वेल्ड करावं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडावी आणि ईसीयू काढून ठेवावा. फाउंडेशनचं रबर फार कडक घेतलं तर स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरतात, आणि वायरिंगचे जोड हळूहळू तुटतात.

एक्सल हा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतला खरा पेच. लांबी जमत नाही म्हणून दोन एक्सल कापून जोडवेल्ड करण्याची पद्धत दिसते. ती जीवघेणी आहे. वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि शंभरच्या वेगात एक्सल तुटला तर गाडी हातात राहत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ईएन-२४ पोलादातून शाफ्ट वळवून, त्यावर दात पाडून, हीट ट्रीटमेंट करून देणारे लेथवाले मिळतात. मागाचे शाफ्ट करून त्यांचा हात बसलेला असतो. मापं मात्र आपण नीट द्यायची. चाक पूर्ण खाली लटकलेलं आणि पूर्ण वर दाबलेलं, दोन्ही स्थितींत जोडाला आतबाहेर दहा मिलिमीटर तरी सरकायला जागा उरली पाहिजे.

वजन. जड इंजिन नाकावर बसलं की वळणात गाडी सरळ जायला बघते आणि जुन्या गाडीची सगळी मजा तिथेच संपते. इंजिन बदलण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. उसाचे ट्रॅक्टर मोजणारे काटे दहा किलोच्या पायरीने दाखवतात, तेवढं पुरतं. नंतर पुन्हा मोजावं. पुढे चाळीस-पन्नास किलो वाढले तर स्प्रिंगा बदलाव्यात. ब्रेक तर दोन्ही मार्गांत बदलावेच लागतात. शंभरऐवजी एकशेचाळीसवरून थांबायचं तर ब्रेकांना जवळजवळ दुप्पट ऊर्जा गिळावी लागते. माझ्या मते काम इथूनच सुरू व्हावं. डिस्क, पॅड, ब्रेक फ्लुइड, टायर, बुश, रेडिएटर. एवढं केल्यावर पुष्कळांना कळतं की गाडी मंद नव्हती, थकलेली होती.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकून आरटीओत नोंद करून घेणं हा सरळ रस्ता आहे. टर्बो किंवा परकं इंजिन लावलेली गाडी सार्वजनिक रस्त्याची राहत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. तिची जागा कोइमतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेऊन. पंधरा वर्षांवरच्या गाडीला फिटनेससाठी विजापूर रोडच्या आरटीओत उभं राहावं लागतं, तेव्हा बॉनेट उघडणारच, हे धरूनच निर्णय घ्यावा.

मग काय करावं? कॉम्प्रेशन चांगलं असेल, गाडी ट्रॅकची असेल आणि मालकाला आरपीएमपेक्षा मधल्या फेऱ्यांतला ढकलणारा जोर हवा असेल, तर ०.४ बारचा टर्बो. रिंगा गेल्या असतील तर टर्बोचं नाव काढू नये. त्याच इंजिनाचं पूर्ण काम करावं किंवा घराण्यातलं मोठं इंजिन आणावं. एक गोष्ट मात्र आकड्यांत मावत नाही. व्हीटेक सिटी साडेपाच हजाराच्या पुढे जो आवाज करते, तो टर्बो लावल्यावर राहत नाही. टर्बाइन धुराची धार बोथट करतं, आवाज खाली आणि जाड होतो. इंजिन बदललं तर आवाज दुसऱ्याच गाडीचा येतो. ज्या आवाजासाठी गाडी ठेवली होती तोच जाणार असेल, तर त्याचा विचार खर्चाच्या आधी करायला हवा. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

काम झाल्यावर पहिले शंभर किलोमीटर दाब न भरता चालवावं, मग थंड इंजिनावर मॅनिफोल्डचे सगळे नट पुन्हा आवळावेत. पाचशेला ऑइल काढावं आणि फिल्टर फेकू नये. त्याचा डबा कापून आतला कागद उलगडावा, ऑइल निथळू द्यावं आणि कागद उन्हात धरून घड्या ताणून बघाव्यात. काळपट डाग चालतात. चांदीसारखी बारीक चमक थोडी असेल तर दोनशे किलोमीटरने पुन्हा बघावं. तांबूस कण दिसले तर ती बेअरिंगची झीज आहे, मग ते क्रँकचं असेल नाहीतर टर्बोचं, आणि त्या दिवसापासून गाडी चालू करायची नाही.